प्रवेश परीक्षेत मुलावर कॉपीचा आळ, सात दिवसांत खुलासा मागितलाय (सातारा)

पायथ्याला | १६ मे, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं भटकंती आणि शेतीच्या धाग्यांवरच असतो. आज घरचं घेऊन आलोय. लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगा बारावी सायन्स, पीसीएम. गेल्या आठवड्यात त्यानं इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची एक परीक्षा दिली, कम्प्युटरवरची. परीक्षेचं आणि केंद्राचं नाव लिहीत नाही, कृपया कुणी अंदाजही बांधू नका. मी समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो होतो. पेपर सुटला, पोरं भराभर बाहेर आली. हा आला सगळ्यात शेवटी, पाऊण तासानं. गाडीवर मागं बसला आणि पार पोवई नाक्यापर्यंत तोंडातून शब्द नाही.

घरी आल्यावर कळलं ते असं. गणिताला साधारण पस्तीस मिनिटं उरली असताना पर्यवेक्षकानं त्याला जागेवरून उठवलं. म्हणे, तू बोटांनी खुणा करतोयस. मागच्या रांगेत त्याच्याच क्लासचा एक मुलगा होता. एक बोट म्हणजे पहिला पर्याय, दोन म्हणजे दुसरा, असा त्यांचा हिशेब.

आता बोटांचं खरं काय ते सांगतो. दुसरी ते सहावी तो अबॅकसला जायचा. ज्यांची मुलं गेली असतील त्यांना माहीत आहे. आधी मण्यांची पाटी असते, दर काडीला वर पाचाचा एक मणी आणि खाली एकाचे चार. मग पुढच्या लेव्हलला पाटी काढून घेतात आणि पोरं हवेतच मणी सरकवतात, अंगठ्यानं आणि तर्जनीनं. क्लास सुटला, बोटं सुटली नाहीत. जेवताना किराण्याचा आकडा कानावर पडला तरी ह्याची बोटं ताटाच्या कडेला चालू. ‘पेटी वाजवतोस का रे?’ म्हणून त्याची आई ओरडायची.

त्याला बाजूच्या खोलीत नेलं. कागद पुढं केला आणि सांगतो तसं लिही म्हणाले. त्यानं लिहिलं, ‘परीक्षा चालू असताना माझ्याकडून हातवारे झाले. पुन्हा असे होणार नाही.’ खाली सही. लिहून दिलंस की बस जागेवर, असं सांगितलं होतं. तिकडं पडद्यावर वेळ पळत होती, ह्यानं लिहून दिलं. परत बसला तेव्हा अकरा मिनिटं राहिली होती. पेपर संपल्यावर पुन्हा बोलावलं, आणखी दोन कागदांवर सह्या घेतल्या. त्यात काय होतं ते त्याला आठवत नाही.

काल मेल आला. निकाल राखून ठेवलाय, सात दिवसांत खुलासा द्या. सोबत त्या कागदाचा फोटो आणि खाली एक ओळ, ‘उमेदवाराने कबुली दिलेली आहे.’

अजून एक. लिहू की नको करत होतो. त्यानं सगळं सांगितल्यावर माझा पहिला प्रश्न होता, ‘पण खरं सांग, केलंस का?’ त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि आत गेला. तेव्हापासून आईशी बोलतो, माझ्याशी नाही.

काय करावं? वकील गाठू का?

हळदकुंडी | १७ मे, सकाळी ६:१०

वाचून पोटात कालवलं. माझी लेक पण अशीच बोटं हलवते, आम्ही विश्रामबागला होतो तेव्हा तिचा क्लास होता. परवा तिचाही पेपर आहे. तिला सांगू का हात मांडीवर ठेव म्हणून? का सांगून उलट तिचं ध्यान तिकडंच जाईल?

तिरपा_डोळा | १७ मे, सकाळी ८:३३

कटू वाटेल, पण आपलं ते बाळ्या असतंच प्रत्येकाचं. आपल्या भागात बारावीला खिडकीतून चिठ्ठ्या फेकणारे पालक मी डोळ्यांनी बघितलेत. पर्यवेक्षकाला काय स्वप्न पडलं होतं का? शंभर पोरांतून ह्यालाच का उठवलं? आणि मागं नेमका क्लासचाच मित्र, हाही योगायोग?

बातमीवाला | १७ मे, सकाळी ९:०५

सांभाळून हं. नीटचा २०२४ चा गोंधळ झाल्यापासून कायदा फार कडक झालाय. १ कोटी दंड आणि १० वर्षं आत. जामीनसुद्धा नाही. पोराचं आयुष्य आहे, मिटवून टाका कुठं मिटत असेल तर.

पायथ्याला | १७ मे, सकाळी ९:२०

बातमीवाला, हे घरात वाचून दाखवलं नाही हे बरं झालं.

ओसरीवर | १७ मे, दुपारी १:४८

मी कराडला वकिली करतो. कागद न बघता लिहितोय, तेव्हा ह्याला सल्ला म्हणा, मत म्हणू नका.

आधी ते १ कोटीचं भूत उतरवतो. बातमीवाला म्हणतात तो केंद्राचा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. साधी शिक्षा ३ ते ५ वर्षं आणि १० लाखांपर्यंत दंड. टोळी करून केलं असेल तर ५ ते १० वर्षं आणि दंड किमान १ कोटी. पण तो पेपर फोडणारे, डमी बसवणारे, सर्व्हरशी खेळणारे ह्यांच्यासाठी आहे. परीक्षार्थीला त्यातून बाहेर ठेवलंय. त्याच्यावर जे काही व्हायचं ते त्या परीक्षेच्या नियमांनुसार. शिवाय तो ठरावीक केंद्रीय परीक्षांपुरता आहे. आणि ‘मिटवून टाका’ हा सल्ला कृपा करून पुन्हा कुणाला देऊ नका. निरपराध पोराचं प्रकरण मिटवायला गेलात की तेवढ्यावरनंच ते अपराधी ठरतं.

आता कामाचं.

ऐकून घेतल्याशिवाय निकाल रद्द करता येत नाही. १९६२ साली सुप्रीम कोर्टानं उत्तर प्रदेश बोर्डाच्या खटल्यात हे सांगितलंय. गैरमार्गाचा ठपका ठेवून मुलाचं नुकसान करणार असाल तर त्याची बाजू ऐकलीच पाहिजे. १९७० साली बिहार बोर्डाच्या खटल्यात त्याला एक अपवाद झाला. अख्ख्या केंद्रावर सामूहिक कॉपी झाली असेल तर एकेकाला वेगळं ऐकायची गरज नाही. तुमचं प्रकरण एकट्याचं आहे, म्हणजे पहिला निकाल तुमच्या बाजूचा.

खुलाशात बोटं हललीच नाहीत असं चुकूनही लिहू नका. हलली, का हलली, कधीपासून हलतात ते लिहा. त्या कागदाबद्दल ‘जबरदस्ती’ हा शब्द मोठा आहे, तो टाळा. कुणी काय सांगितलं, किती वाजता, पडद्यावर किती वेळ उरली होती, तेवढं जसंच्या तसं. एक विचारतो, तुमचा मुलगा घरी बोलताना ‘हातवारे’ म्हणतो का? आणि त्याला अठरा पूर्ण आहेत का?

खुलाशातच मागणी घाला की सीसीटीव्हीचं चित्रण, त्याच्या पडद्याची नोंद, पर्यवेक्षकाचा अहवाल आणि नंतर सह्या घेतलेले दोन कागद आम्हाला द्या आणि तोवर जपून ठेवा. हे आजच. चित्रणावर चित्रण चढतं, मग कुणाच्या बापाला सापडत नाही. परीक्षा घेणारी संस्था सरकारी असेल तर माहिती अधिकारातही अर्ज टाका, १० रुपये आणि ३० दिवस. ३० दिवस म्हणजे तुमचे सात उलटून गेलेले असणार, पण पुढं लागलं तर कागद हातात असेल. उमेदवाराला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते हे २०११ पासून सुप्रीम कोर्टाचंच म्हणणं आहे.

इतकं करून ऐकलं नाहीच, तर हायकोर्ट. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे त्यात आहेत. सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी. पण तिथवर वेळ येईल असं आत्ता वाटत नाही.

पायथ्याला | १७ मे, दुपारी ३:१५

‘हातवारे’ अजिबात नाही. तो म्हणेल ‘ॲक्शन करत होतो’. अठराला दोन महिने कमी आहेत. हे दोन्ही माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आभारी आहे.

कीबोर्डचा_कोपरा | १७ मे, रात्री १०:०२

अशा केंद्रांवर दोन वर्षं मशीन सांभाळायचं काम केलंय, म्हणून लिहितो.

तिरपा_डोळा, कम्प्युटरच्या परीक्षेत सहसा दोन पोरांना प्रश्न एकाच क्रमानं येत नाहीत. बऱ्याच ठिकाणी पर्यायांचाही क्रम बदलतो. ह्याच्या पडद्यावर जे तिसऱ्या नंबरचं उत्तर ते मागच्याच्या पडद्यावर पहिलं असू शकतं. मग तीन बोटं दाखवून त्याला मिळणार काय?

पायथ्याला, खरा साक्षीदार मशीन आहे. प्रश्न कधी उघडला, कधी उत्तर दिलं, कधी बदललं, सगळं वेळेसकट नोंदलेलं असतं. मागच्या मुलाचंही असतं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवा म्हणा.

दुसरं, त्या नोंदीत एक भगदाड दिसेल. पस्तीसच्या वेळी उठवला, अकरा उरल्यावर बसला, म्हणजे २४ मिनिटं माऊस हललेला नाही. उमेदवार जागेवर नव्हता ह्याचा हा पुरावा, कागद केव्हा लिहून घेतला ह्याचाही. २४ मिनिटं म्हणजे किती ते बघा. सीईटीचा हिशेब धरला तर गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, एकाला १०८ सेकंद. २४ मिनिटांत तेरा प्रश्न झाले. तिथं प्रश्नाला २ गुण आहेत आणि चुकलं तर वजा होत नाही, म्हणजे तेरा ठिकाणी नुसतं काहीतरी टिचकवायची संधीसुद्धा गेली.

अवांतर: कॅल्क्युलेटर द्यायचा नाही, १०८ सेकंद द्यायचे, आणि वर पोरानं बोटंही हलवायची नाहीत!

भडंग_अँड_कंपनी | १८ मे, पहाटे ४:३०

मूळ सांगली, आता न्यू जर्सी. इकडं कॉलेजसाठी एसीटी म्हणून परीक्षा असते. गुणांवर संशय आला तर पत्र येतं आणि मुलाला पर्याय देतात. खुलासा पाठव, गुण रद्द करून घे, नाहीतर पुन्हा परीक्षा देऊन तेवढे गुण मिळवून दाखव. ते नको असेल तर लवाद. माझ्या मुलाच्या वर्गातल्या एकीला आलं होतं पत्र. पुन्हा बसली, पण वर्षभर ‘ती पत्रवाली’ म्हणून ओळख राहिली. म्हणजे पद्धत बरी असली तरी डाग तोच.

निवृत्त_खडू | १८ मे, सकाळी ७:२५

मी ३१ वर्षं माध्यमिक शाळेत होतो. कायद्यातलं कळत नाही, त्या कागदाबद्दल लिहितो.

‘पुन्हा असे होणार नाही.’ हे वाक्य त्या पोराला परीक्षा केंद्रावर कुणी शिकवलं नाही. ते आम्ही शिकवलंय. गृहपाठ राहिला, लिहून दे. उशिरा आलास, लिहून दे. बाकावर कुणीतरी कोरलं, सगळ्या रांगेनं लिहून द्या. ज्यानं केलं नाही तो म्हणायचा, ‘सर, मी नाही’, आणि मी म्हणायचो, ‘लिही आणि बस जागेवर, पाठ अडलाय.’ हुशार पोरं दुसऱ्यांदा वाद घालत नसत. लिहून बसायची. माझ्या कपाटात अशा कागदांचा गठ्ठा होता. निवृत्तीच्या दिवशी शिपायानं बंबात घातला.

तुमच्या मुलाला ‘लिहून दे आणि बस जागेवर’ असं ऐकू आलं तेव्हा त्यानं पहिलीपासून जे केलं तेच केलं. त्याच्या दृष्टीनं ती कबुली नव्हतीच, जागेवर परत बसायचं तिकीट होतं. खुलाशात हे कसं लिहायचं ते वकीलसाहेब सांगतील, पण लिहा.

आणि तुम्ही त्याची माफी मागा. तोंडी. लेखी नको.

हळदकुंडी | १८ मे, सकाळी ७:५०

सर __/\__

तिरपा_डोळा | १८ मे, सकाळी ११:१२

खडू सरांचं पटलं. तरी एक विचारतो, टोमणा नाही. मागच्या मुलाचं काय झालं? त्यालाही नोटीस आलीय का?

पायथ्याला | १८ मे, रात्री ९:३६

त्याच्या वडिलांना आजच फोन केला. त्याला कुणी उठवलंही नाही, विचारलंही नाही. त्याचा निकाल राखलेला नाही.

ओसरीवर | १८ मे, रात्री ९:५१

तिरपा_डोळा, बरं विचारलंत. देणारा धरला आणि घेणारा सोडला, ही कसली कॉपी? पायथ्याला, हा मुद्दा खुलाशात सगळ्यात वर. फक्त त्या मुलाचं नाव घेऊ नका आणि त्याच्यावर ढकलू नका. ‘ज्याला खुणा केल्या असे म्हटले आहे तो उमेदवार कोण, हे नोटिशीत नाही’ एवढंच.

पायथ्याला | २० मे, रात्री १२:१८

खुलासा आज गेला. मेलनं, आणि स्पीड पोस्टानंही.

काल रात्री एक झालं ते सांगतो. आईनं त्याला स्वयंपाकघरात बसवलं, मी दारात उभा. ती म्हणाली, हाताची घडी घाल आणि सांग, ३७ गुणिले ४८ किती. तो छताकडं बघत राहिला, ओठ हलले, दोनदा चुकला. मग म्हणाली, सोड हात. उजव्या हाताची दोन बोटं ओट्यावर चार-पाचदा टकटकली, १७७६. मी मोबाईलवर करून बघितलं. बरोबर.

ती माझ्याकडं वळून म्हणाली, ‘बघितलंत?’ पाच वर्षं मी त्याची फी भरत होतो, क्लासला सोडत होतो. त्याची बोटं नीट बघितली ती काल.

कीबोर्डचा_कोपरा | २० मे, सकाळी ८:०४

व्हिडिओ काढून जोडा की!

ओसरीवर | २० मे, सकाळी १०:३०

जोडा, पण त्यावर विसंबू नका. अबॅकसच्या बाईंचं पत्र आणि जुनी लेव्हलची सर्टिफिकेटं जास्त चालतील. व्हिडिओ आज काढता येतो, सर्टिफिकेट दहा वर्षांपूर्वीचं काढता येत नाही.

हळदकुंडी | २ जून, दुपारी ४:००

धागा वर काढतेय. काही कळलं का? (लेकीचा पेपर झाला. हात मांडीवर ठेव असं मी काही सांगितलं नाही शेवटी. ती बोटं हलवून आली.)

पायथ्याला | १४ जून, रात्री १०:५५

उशीर झाला, माफ करा. परवा सुनावणी झाली. तिघं जण होते, दोन साहेब आणि एक बाई. आत आम्ही दोघं, वकील नेला नव्हता.

बाईंनी खुलासा वाचलेला दिसत होता. मायेनं म्हणाल्या, ‘बाळ, ६४ गुणिले २७ करून दाखव बरं.’ मला वाटलं, झालं आपलं काम. आणि ह्यानं काय करावं? दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बराच वेळ गेला. म्हणाला, १६२८. उत्तर १७२८ आहे. एक साहेब काहीतरी लिहायला लागले. ‘हात वर घे’ म्हणून मी ओरडायच्या बेतात होतो, पण तिथं कसं ओरडणार. नंतर विचारलं तर म्हणाला, ‘ते माझ्या हाताकडंच बघत होते ना.’

पण कीबोर्डचा_कोपरा म्हणाले तेच झालं. त्यांनी दोन्ही मशीनच्या नोंदी मागवल्या होत्या. ज्या वेळात खुणा केल्या म्हणतात, तेवढ्या वेळात दोघांच्या पडद्यावर एकदाही एकच प्रश्न उघडा नव्हता. त्या दुसऱ्या साहेबांनी कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं, ‘मग खुणा कशाच्या?’ कुणी काही बोललं नाही. पर्यवेक्षक आलेलाच नव्हता. सीसीटीव्हीत हा पाठमोरा दिसतो, हात दिसतच नाहीत.

गेलेल्या २४ मिनिटांचं मी विचारलं. ते आमच्या अखत्यारीत येत नाही म्हणाले.

निवृत्त_खडू | १५ जून, सकाळी ६:४०

हात मांड्यांखाली. ह्म्म.

तिरपा_डोळा | १५ जून, सकाळी ९:१५

पायथ्याला, पहिल्या प्रतिसादात जे लिहिलं ते मागं घेतो. संपादन करून पुसू शकलो असतो, पण राहू दे तिथंच.

पायथ्याला | २१ जून, रात्री ८:२०

निकाल सोडला. त्याच्या मनात होतं ते कॉलेज ह्या गुणांत बसत नाही, दुसरं बघतोय. नातेवाइकांचे फोन येतायत, ‘सुटला का?’ म्हणून. जणू येरवड्याला होता.

निकालाची प्रत घ्यायला दोघं गेलो होतो. खिडकीवरच्या माणसानं प्रतीबरोबर एक छापील कागद सरकवला. ‘माझ्या प्रकरणाचे निराकरण झाले असून माझी कोणतीही तक्रार नाही.’ खाली सहीची जागा. मी पेन काढलंसुद्धा. ह्यानं कागद ओढून घेतला आणि खिडकीतच उभा राहून वाचत बसला. मागं रांग. माणूस म्हणाला, ‘अरे, सगळेच देतात, सही कर आणि मोकळा हो.’

हा म्हणाला, ‘पण माझी तक्रार आहे.’

मग माझ्याकडं वळून, ‘पप्पा, हे दिल्याशिवाय प्रत देत नाहीत असं कुठं लिहिलंय का, विचारा की त्यांना.’ महिनाभरानंतर माझ्याशी बोललेलं पहिलं सलग वाक्य. मी विचारलं. कुठं लिहिलेलं नव्हतं. साहेबांना विचारून येतो म्हणून माणूस आत गेला आणि वीस मिनिटांनी प्रत घेऊन आला.

खडू सर, तुम्ही सांगितलेलं काम अजून व्हायचंय. सही मात्र दिली नाही. पोच तेवढी घेतली आणि निघालो.